दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना तेल कधी, किती आणि कुठलं द्यायचं?

माझ्या पहिल्या खेपेला दोन माद्यांची मिळून १७ पिल्लं होती. ३५व्या दिवशी ती आईपासून तोडली आणि त्याच संध्याकाळी भरड्यात तेल ओतलं, १०० किलोला ७ किलो. माझा हिशेब सरळ होता. आईच्या दुधात भरपूर साय असते, दूध तुटलं म्हणजे साय तुटली, तर ती तेलानं भरून काढायची. चौथ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाय ठेवला तर जमीन करड्या-पिवळ्या, चिकट, तेलकट हगवणीनं माखलेली. ४ पिल्लं गेली. उरलेली १३ दोन महिन्यांची झाली तरी एकाही पिलाचं वजन १० किलोला पोचलं नव्हतं. गोव्याहून आलेला गिऱ्हाईक बघून तसाच परत गेला.

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात आता बरीच तरुण पोरं चार-पाच माद्या आणून हा धंदा सुरू करत आहेत. गोव्याचं गिऱ्हाईक चोर्ल्याच्या घाटाखालीच आहे, मका आणि सोयाबीन शेतात आहे, भाताची कणी गिरणीत आहे. अडचण येते ती दूध तोडल्यानंतरच्या एका महिन्यात, आणि त्यातला मोठा घोळ तेला-चरबीचा असतो. मी जे पिल्लं गमावून शिकलो ते इथं क्रमानं लिहितो.

## १. आधी पिलाच्या पोटात काय चालतं ते समजून घ्या

हा भाग गाळून थेट मिश्रणाच्या आकड्यांवर उडी मारू नका. हे कळलं की पुढचे निम्मे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतात.

डुकरिणीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे साधारण म्हशीच्या दुधाएवढा. पाणी वजा करून नुसता कोरडा भाग धरला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चरबीच निघते. आणि दूध पिणारं पिल्लू यातली ९५ टक्क्यांच्या आसपास पचवून टाकतं. मग तेच पिल्लू चार दिवसांनी भरड्यातल्या तेलानं का हगतं?

तेल पाण्यात विरघळत नाही. ते पचायला तीन कामं व्हावी लागतात. आधी पित्तातले क्षार तेलाचे बारीक बारीक थेंब करतात. मग स्वादुपिंडातून येणारं लायपेज नावाचं विकर ते थेंब फोडतं. शेवटी सुटी झालेली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, पित्ताच्या आधारानं आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. दुधात पहिलं काम आईनंच करून दिलेलं असतं, कारण दुधातली चरबी मुळातच सूक्ष्म थेंबांत विखुरलेली असते. भरड्यावर ओतलेल्या तेलाचं तसं नसतं.

त्यात दूध तुटताच पोटाचीही घडी विस्कटते. पिल्लू पहिले एक-दोन दिवस जवळजवळ काहीच खात नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातूनच सगळं अन्न शोषलं जातं. उपाशी पोटी ती लव काही दिवसांतच आखूड होते. लायपेजही त्याच सुमारास घटतं. म्हणून पहिल्या आठवड्यात वरून मिसळलेल्या चरबीपैकी, तिच्या जातीप्रमाणं, ६५ ते ८० टक्केच पचते. चार आठवड्यांनी हाच आकडा ८५-९० पर्यंत चढतो.

माझे ७ किलो तेल यात घालून बघा. ७० टक्के पचलं धरलं तरी १०० किलो खाद्यामागं २ किलोहून जास्त तेल न पचता मोठ्या आतड्यात उतरलं. जमिनीवर जे माखलं होतं ते हेच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही तेलाला घाबरून बसाल. पचलेली चरबी पिठूळ पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा देते. चरबीमुळं अन्न जठरातून जरा सावकाश पुढं सरकतं, त्यानं प्रथिनांच्या पचनालाही थोडी मदत होते. भरड्याची धूळ बसते, पिलं शिंकत नाहीत, चव लागते. हे फायदे खरे आहेत, फक्त ते नीट मिळायला लागतात दूध तोडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.

## २. जमवाजमव

साधनं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती उसनवारीवर ठेवू नका:

- ५० किलोपर्यंत तोलणारा लटकता काटा आणि पिल्लू बसेल अशी पिशवी
- तेल, मीठ, लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक, भुकटी मिळते) मोजायला ग्रॅमचा छोटा काटा
- शेडमध्ये पिलांच्या उंचीवर टांगायला साधा थर्मामीटर
- बारीक जाळीची चक्की, नाहीतर गावातला चक्कीवाला जो बारीक भरडून देईल
- तेलाला झाकणाचा स्टीलचा डबा. तांब्या-पितळेची जुनी भांडी यासाठी वापरू नका, त्या धातूंनी तेल लवकर खवट होतं
- उथळ, लांब गव्हाण, जिच्यावर सगळ्या पिलांना एकदम तोंड घालता येईल
- एक वही

कागदांत पिलांची जन्मतारीख आणि लोहाच्या इंजेक्शनची नोंद, स्वाइन फीवरच्या लसीची चिठ्ठी, खाद्याच्या पोत्यावरचं लेबल आणि तेल-पेंडीच्या पावत्या जपा. गाडी गोव्यात किंवा कोल्हापूरकडं जाणार असेल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. तो आदल्या दिवशी मागायला जाऊ नका.

आपल्याकडं पोत्यावरचा मजकूर बऱ्याचदा कन्नडमध्ये असतो, आणि ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं ते तिथंच अडतात. एवढे शब्द पाठ करून ठेवा: हंदी म्हणजे डुक्कर, हंदीमरी म्हणजे पिल्लू, कोब्बु म्हणजे चरबी, एण्णे म्हणजे तेल, हिंडी म्हणजे पेंड, तौडु म्हणजे कोंडा, मेक्केजोळ म्हणजे मका, तेवांश म्हणजे ओलावा. तंतूला नारू म्हणतात. आपल्याकडं नारू हे रोगाचं नाव, त्यामुळं माझ्या शेजारच्या मामांनी ‘नारू’ वाचून एक पोतं परत केलं होतं.

## ३. दूध तोडायच्या आधीच दात लावा

जन्मल्यापासून दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान कोरडं, बारीक खाद्य आईला पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायला लागा. सुरुवातीला मूठभर पुरे. पिलं त्यात नाक खुपसतात, सांडतात, फारसं पोटात जात नाही, पण चव कळते. रोज शिळं काढून ताजं घाला. ज्या पिलानं आईजवळ असतानाच कोरडं चाखलं आहे, ते तोडल्यावर लवकर गव्हाणीला येतं, आणि लवकर खाणाऱ्याच्या आतड्याची लव टिकते. सगळी मेहनत या एकाच गोष्टीसाठी आहे.

२८व्या दिवशी तोडण्याचा हट्ट नव्या माणसानं करू नये. दूधपावडर, गरम जागा, सगळं हाताशी असेल तर ठीक. नसेल तर ४० ते ४५ दिवसांपर्यंत पिलं आईजवळ राहू द्या. मादी पुन्हा माजावर यायला थोडा उशीर होईल, पण पिलं वाचतील.

## ४. पहिले चौदा दिवस: खाणं सुरू करा, तेल नावापुरतं

तोडताना आईला हलवा, पिलांना आहे त्याच जागी ठेवा. खाली कोरडं अंथरूण हवं आणि पिलांच्या उंचीवर २८ ते ३० अंश तापमान. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि डिसेंबरच्या रात्री बल्ब आणि पडदे लागणारच. कुडकुडणारं पिल्लू जेवढं खातं तेवढं अंगात ऊब धरायलाच खर्च करतं. पाणी स्वच्छ, सतत. निपल असेल तर मिनिटाला निदान अर्धा लिटर धार हवी.

पहिले तीन-चार दिवस खाद्य कोमट पाण्यात कालवून पातळ पेजेसारखं द्या, एक भाग खाद्याला दोन भाग पाणी. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, अर्ध्या तासात संपेल एवढंच. उरलेलं उचलून आईच्या गव्हाणीत टाका. कालवलेलं तेलाचं खाद्य आपल्या हवेत दुपारपर्यंत आंबतं आणि तेच पुन्हा पिलांनी खाल्लं की हगवण ठरलेली.

मी सध्या पहिल्या चौदा दिवसांना १०० किलोमागं हे मिश्रण वापरतो: मक्याचा बारीक भरडा ४६ किलो, तांदळाची कणी भरडून १२, सोयाबीनची तेल काढलेली पेंड १८, साय काढलेली दूधपावडर १०, फिश मील (सुक्या मासळीचं पीठ) ६, भाजलेलं अख्खं सोयाबीन बारीक दळून ५, तेल १, डायकॅल्शियम फॉस्फेट (कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी) १ किलो, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ५०० ग्रॅम, मीठ ३०० ग्रॅम, लायसिन २०० ग्रॅम. तुमच्या मालाचा दर्जा वेगळा असेल, म्हणून एकदा पशुवैद्यकाला दाखवून घ्या.

यात तेल फक्त १ किलो आहे हे बघून ओळखीचे लोक हसतात. पण मक्यात स्वतःचंच साडेतीन-चार टक्के तेल असतं, भाजलेल्या सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के. सगळं मिळून खाद्यात चार टक्क्यांच्या वर चरबी होते. अंगाला जी मेदाम्लं बाहेरूनच मिळावी लागतात त्यांची गरज एकट्या मक्यातूनही भागते. वरचं १ किलो तेल धूळ बसवण्यासाठी आणि वासासाठी आहे, जाड करण्यासाठी नाही.

दूधपावडर महाग वाटेल. पण तिच्यातली दुग्धशर्करा पिलाच्या जठरात आंबते, आम्ल तयार होतं, आणि या वयात पिलाचं स्वतःचं आम्ल पुरेसं नसतं. पैसे कमी असतील तर १० ची ५ करा, पण पूर्ण काढू नका. सोयाबीनची पेंड वाढवून ती जागा भरायला जाऊ नका, कारण कोवळ्या आतड्याला सोयाबीनची काही प्रथिनं सोसत नाहीत.

फिश मीलमध्ये मीठ किती आहे ते विचारा, किंवा चाखून बघा. सुकट दळून विकणारेही भेटतात. खारट माल असेल तर वरचं ३०० ग्रॅम मीठ वगळा. पाणी कमी आणि मीठ जास्त झालं तर पिलं फिट आल्यासारखी पडतात.

## ५. तेल कुठलं घ्यायचं

सगळी तेलं पिलाच्या पोटाला सारखी नसतात. साधा नियम असा की पातळ, असंतृप्त तेल घट्ट चरबीपेक्षा बरं पचतं. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा फरक सगळ्यात मोठा असतो आणि पिल्लू मोठं होईल तसा कमी होत जातो.

सोयाबीन तेल माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात सोयीचं. कुठल्याही दुकानात मिळतं, पचायला चांगलं, आणि हवेत गोठत नाही. शेंगतेल आणि भाताच्या कोंड्याचं रिफाइंड तेलही चालतं.

खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. ते संतृप्त आहे, म्हणजे नियमाप्रमाणं वाईट पचायला हवं. पण त्यातली निम्म्याहून जास्त मेदाम्लं लांबीनं आखूड आहेत. ती शोषायला पित्ताची फारशी गरज लागत नाही, आणि ती थेट यकृताकडं जाऊन लगेच ऊर्जेच्या कामाला लागतात. कोवळ्या पिलाला हे सगळ्यात सोपं. दर परवडत असेल तर पहिल्या चौदा दिवसांचं १ किलो खोबरेलाचं घ्या. आपल्या थंडीत ते डब्यात गोठतं, तेव्हा मिसळण्याआधी डबा कोमट पाण्यात धरा.

पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संतृप्त. पहिल्या दोन आठवड्यांत नको, नंतर चालेल. वनस्पती तूप अजिबात नको.

आता ज्या वस्तू फुकट किंवा स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो त्यांच्याविषयी.

तळणीचं जुनं तेल. बेळगावात हॉटेलांतून, भज्यांच्या गाड्यांवरून काळं तेल कमी पैशांत मिळतं. तापवून तापवून त्याचे रेणू एकमेकांना चिकटलेले असतात, ते पचत नाहीत, आणि खवटपणामुळं खाद्यातलं ई जीवनसत्त्व मरतं. मोठ्या डुकरांनाही मी ते देत नाही. पिलांना तर शत्रूच्याही देऊ नये.

डुकराची चरबी. कापणाऱ्याकडून ती मागून आणून वितळवून परत डुकरांनाच घालणारे मी पाहिले आहेत. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये भारतात आला, त्याला औषध नाही, आणि तो मांसातून, चरबीतून, हॉटेलच्या उरल्यासुरल्यातून पसरतो. एका डब्यानं अख्खी शेड रिकामी होते. हॉटेलचं उरलेलं अन्न मोठ्या डुकरांना देत असाल तर निदान अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय देऊ नका. पिलांच्या खोलीत ते न्यायचंच नाही, आणि ते ढवळलेलं फावडंही न्यायचं नाही.

भाताचा कोंडा. खानापुरात गिरणीवाले अण्णा पोत्यानं देतात. कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असतं हे खरं. पण कोंड्यातच ते तेल फोडणारं विकर असतं आणि दळणाबरोबर ते कामाला लागतं. पावसाळ्यात चार-पाच दिवसांत कोंड्याला साबणासारखा वास येतो, तो हाच. शिवाय तंतू जास्त, आणि तंतू जास्त तेवढी चरबी कमी पचते. पिल्लू २० किलोचं होईपर्यंत कोंडा नको. त्यानंतर ताजा, दळल्यापासून दोन-तीन दिवसांतला, तोही थोड्यानं सुरू करा.

काजूची रद्दी. चंदगड आणि बेळगावकडच्या कारखान्यांत काळी पडलेली, तुटकी बी स्वस्त जाते. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. पण टरफलाचा तुकडा राहिला तर त्याचा चीक तोंड आणि आतडं भाजतो. वेचून, निवडून, मोठ्या डुकरांना थोडी द्यायला हरकत नाही. पिलांना नको.

कच्चं सोयाबीन. बैलहोंगल भागातून आणलेलं घरचं सोयाबीन सरळ भरडून घालण्याची चूक फार जण करतात. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेनंच जातो. लोखंडी कढईत वाळूबरोबर भाजा. दाणा फोडल्यावर आतून कच्ची हिरवट चव जाऊन फुटाण्यासारखी चव आली पाहिजे, पण जळता कामा नये. मग बारीक दळा. जाड राहिला तर तेल दाण्याच्या पेशींतच अडकून राहतं आणि तसंच बाहेर पडतं.

शेंगदाणा पेंड. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते आणि बुरशीचं विष पिलाच्या यकृतावर बसतं. यकृत बिघडलं की पित्त बिघडतं, पित्त बिघडलं की चरबीचं पचन बिघडतं. पिलांच्या मिश्रणात मी ती घालतच नाही.

तेल खवट आहे का ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. थोडं तळव्यावर घेऊन चोळा, गरम झालं की हुंगा. जुन्या पापडाचा, रंगाच्या डब्याचा वास आला तर ते दिव्याला वापरा. उन्हाळ्यात महिन्याला लागेल तेवढंच आणा.

## ६. मिसळायचं कसं

तेल वजनानं मोजा. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९२० ग्रॅम, १ किलो नव्हे. मापानं ओतलं की दर पोत्याला चूक होते.

१०० किलोच्या ढिगावर वरून तेल ओतू नका. गोळे होतात, एका पिलाच्या वाट्याला सगळं तेल आणि दुसऱ्याला कोरडा भरडा. आधी ५ किलो मक्याचा भरडा घमेल्यात घ्या, त्यात तेल घालून दोन्ही तळव्यांनी चोळा, बेसन-तेल चोळतो तसं, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. मग हे ५ किलो आणखी २० किलोत, आणि ते २५ किलो उरलेल्यात. मीठ, लायसिन, खनिजं वेगळ्या घमेल्यात मूठभर भरड्याबरोबर आधी कोरडी मिसळून मग घाला. तेल मिसळलेलं खाद्य पावसाळ्यात आठवड्याभरापेक्षा जास्त ठेवू नका. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.

इथंच आणखी एक सापळा आहे. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून खनिज मिश्रण आणि चुनखडी ओंजळीनं टाकतात. जादा कॅल्शियम लांब संतृप्त मेदाम्लांना आतड्यात धरून साबण करतं, आणि तो साबण शोषलाच जात नाही. वर चुनखडी जठरातलं आम्लही मारते. हगवण थांबावी म्हणून चुना घालणारा माणूस हगवणीची सोयच करत असतो. वजनाप्रमाणं घाला, एक ग्रॅमही जास्त नको.

## ७. पंधराव्या दिवसापासून

तोडल्याला चौदा दिवस झाले, विष्ठा बांधीव आहे, गव्हाणीवर पिलं धावून येत आहेत, या तिन्ही गोष्टी जमल्या असतील तरच तेल वाढवा. १ वरून २ किलो, मग पाच-सहा दिवसांनी ३. मिश्रण साधारण असं: मका ५५, कणी ८, सोयाबीन पेंड २२, भाजलेलं सोयाबीन ६, फिश मील ४, तेल ३, डायकॅल्शियम फॉस्फेट १ किलो, खनिज-जीवनसत्त्व ५०० ग्रॅम, मीठ ३००, लायसिन २०० ग्रॅम. जुन्यातून नव्यावर जाताना चार दिवस दोन्ही मिसळून द्या.

तेल वाढवताना सोयाबीन पेंड का वाढवली ते लक्षात घ्या. पिल्लू पोट भरायला खातं तसंच ऊर्जा भरायलाही खातं. तेलानं ऊर्जा वाढली की ते एकूण खाद्य कमी खातं, आणि कमी खाल्लं की प्रथिनं आणि लायसिनही कमी जातं. मग चरबी चढते, मांस चढत नाही. तेल वाढलं की प्रथिनंही त्याच्या जोडीनं राहिली पाहिजेत.

५ किलोच्या वर मी आता कधी जात नाही. त्याचं कारण निव्वळ पैशाचंही आहे. १ किलो सोयाबीन तेलातून पिलाला साधारण अडीच किलो मक्याएवढी ऊर्जा मिळते. बेळगावच्या रविवार पेठेत मक्याचा आजचा दर विचारा, त्याला अडीचनं गुणा, आणि शेजारच्या दुकानात तेलाचा दर विचारा. तेल नेहमीच त्याहून महाग निघतं. म्हणून ऊर्जेसाठी तेल ओतण्यापेक्षा घरचं सोयाबीन नीट भाजून त्यातलं तेल पिलांपर्यंत पोचवणं आपल्याला जास्त परवडतं. त्यातून प्रथिनंही येतात.

## ८. रोज सकाळी जमीन वाचा

सकाळी खाद्य घालण्याआधी, झाडण्याआधी, खाली बसून विष्ठा बघा. काडीनं पसरवून बघा.

फिकी, करडी-पिवळसर, मलमासारखी, काडीला चिकटणारी, पाणी टाकल्यावर वर तवंग येणारी असेल तर तेल पचत नाहीये. त्याच दिवशी वरचं तेल पूर्ण बंद करा, खाद्य निम्मं करा, पाण्यात क्षार-साखर द्या. दोन-तीन दिवसांत रंग गडद झाला तर पुन्हा १ किलोपासून चढा.

पाण्यासारखी पातळ हगवण, शेपटीखाली लाल, डोळे खोल गेलेले, अंग गरम किंवा उलट गार, एका रात्रीत दोन-तीन पिलांना, हे तेलाचं काम नव्हे. तो बहुतेक जंतूंचा आजार असतो. तेल कमी-जास्त करत दिवस घालवू नका, डॉक्टरांना त्याच तासाला फोन करा. आमचे डॉक्टर हुबळीकडचे, मोडकं मराठी बोलतात, पण पहिल्यांदा त्यांनीच मला खाली बसवून ‘काका, औषध आमी देतो, पण नदर तुमची पायजे’ म्हणून सांगितलं. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं प्रतिजैविक आणून खाद्यात मिसळू नका. कोलिस्टिन तर २०१९ पासून जनावरांच्या खाद्यात आणि औषधात बंदच आहे. कुणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नका.

अंगावर लाल-निळे डाग, जोराचा ताप आणि मोठी डुकरंही मरत असतील तर एकही जनावर शेडबाहेर काढू नका, विकू तर नकाच, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मिश्रणाबद्दल शंका असेल तर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या किंवा गोकाककडच्या तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. गोव्याकडं जाणं-येणं असेल तर जुन्या गोव्याजवळच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतही डुकरांवर काम चालतं. जाताना मिश्रणाचा कागद आणि मालाचे नमुने पिशवीत घालून न्या. तोंडी सांगितलेल्या मिश्रणावर कुणीही नीट सल्ला देऊ शकत नाही.

## ९. वजनाची वही

तोडल्याच्या दिवशी प्रत्येक पिल्लू तोला, मग दर सातव्या दिवशी, त्याच वेळेला, सकाळी खाण्याआधी. कानावर खूण नसेल तर पाठीवर रंगाचे ठिपके करा. पहिल्या आठवड्यात वजन जेमतेम तेवढंच राहिलं तरी घाबरू नका. दुसऱ्या आठवड्यात ते चढायलाच हवं. तिसऱ्या आठवड्यात, तेल वाढवल्यावर, चढण आणखी तीव्र झाली नाही तर तेल फुकट जातंय असं समजून १ किलो कमी करा आणि पुढच्या सातव्या दिवशी पुन्हा बघा.

वहीत तीन रकाने पुरतात: वजन, त्या आठवड्यात गेलेलं खाद्य, आणि तेलाचं प्रमाण व जात. माझी तिसऱ्या खेपेची वही उघडली तर त्यात १९ पिल्लं, १ किलो खोबरेल, मग २ आणि ३ किलो सोयाबीन तेल, आणि ६०व्या दिवशी सरासरी १५ किलोच्या वर असं लिहिलेलं आहे. पहिल्या खेपेला तसाच परत गेलेला गोव्याचा गिऱ्हाईक त्या वेळी १२ घेऊन गेला, आणि उरलेल्या ७ मधून मी ३ माद्या घरी ठेवल्या.